साक्षीला मीच

“साक्षीला नर्स? का, मी मेले होते का?”

शिवणयंत्राचं चाक हातानेच थांबवून सुई ताडकन उठली. तिला सगळे सुईच म्हणत. धंदा शिवणाचा, आणि नजर अशी की समोरच्याला टोचल्याशिवाय राहायची नाही.

डॉक्टर जिना चढता चढता थबकले. “तुमच्या आत्यांनीच बोलावलंय. मृत्युपत्रावर सही करायचीय त्यांना. साक्षीदार दोन लागतात. एक मी, एक नर्स.”

घर आत्याचं. वर आत्या, खाली सुईचं दुकान. आईवडिलांमागे ती याच घरात लहानाची मोठी झाली, इथेच तिने गिऱ्हाईक जोडलं. घर गेलं की दुकानही गेलं. आणि ही नर्स! काल आली आणि आज कपाटाची किल्ली तिच्या कमरेला! बोलणं तर इतकं गोड की मुंग्या लागाव्यात.

सुई पायऱ्या गाळत वर धावली.

भिंतीवरच्या क्रुसाखाली आत्या उशीला टेकून बसली होती. मांडीवर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद. मजकुरावर वर्तमानपत्राची घडी, सहीपुरती जागा उघडी. आयुष्यभर मुख्याध्यापिका होती. तिच्या शाळेत एकदाही पेपर फुटला नव्हता.

“मला कशाला, मॅडम?” नर्स म्हणत होती. “घरचं कुणी बघा ना.”

“तूच हवीस. तुझं काही जात नाही त्यात.”

काय नाटक! वरवर नको नको, आणि आतून उकळ्या फुटतायत!

“आत्या, साक्ष मी करणार,” सुई म्हणाली.

“तू नको.”

“मी नको आणि ही चालते?”

“चालते. तू खाली जा. गिऱ्हाईक खोळंबलं असेल.”

“असं काय लिहिलंयस गं, मला दिसायला नको ते?”

“पेपर आधी दाखवायचा नसतो. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?”

सुईने नर्सकडे पाहिलं. नर्सने मान खाली घातली. झालं! चोराच्या मनात चांदणं.

“तुझ्यावर आहे. हिच्यावर नाही. हिला मी पेनाला हात लावू देणार नाही.”

“कुणीही करा, पण लवकर,” डॉक्टर वैतागले. “पेशंट ताटकळलेत तिकडे.”

शेवटची घंटा झाल्यावरही एखाद्या पोरीला बाई थोडा वेळ लिहू देतात, तशी आत्या सुईकडे बघत राहिली.

“अजून एकदा विचार कर.”

“केला.”

“बरं. तुझी मर्जी.”

आत्याने सही केली, मग डॉक्टरांनी. सुईने तर अशी ठसठशीत केली की कागद फाटायचाच बाकी. नर्स औषधांचा ट्रे उचलून निमूट बाहेर गेली. सुईला वाटलं, गड जिंकला!

पुढे आत्या गेली. सुईच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं तोच वकिलांचा निरोप आला. तुम्ही आणि नर्स, दोघी या. दोघी? सुईच्या संशयाने पुन्हा फणा काढला.

वकिलांनी शांतपणे वाचलं. “माझं घर, खालच्या दुकानासकट, माझ्या भाचीला. तिला ते घेता आलं नाही, तर मला सांभाळणाऱ्या नर्सला.”

सुईला रडूच कोसळलं. सगळं आपल्यालाच! आणि आपण त्या बिचारीला काय काय बोललो! तिने नर्सचा हात घट्ट धरला. “चुकलं हो माझं, ताई.”

वकिलांची नजर मात्र कागदाच्या तळाशी खिळली होती. “ही सही कुणाची?”

“माझीच की,” सुई डोळे पुसत म्हणाली.

त्यांनी हळूच चष्मा काढला. “ख्रिस्ती मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काहीही मिळत नाही. आत्यांना माहीत होतं ते. म्हणूनच तर मला म्हणाल्या होत्या, साक्षीला नर्सला घेते.”