टेप जोडायचं भोक

‘भोक नाही.’

ताईचा एवढाच मेसेज आला तेव्हा दातवाला एका कवळीवर शेवटचा हात फिरवत होता. घासायचं चाक बंद करून तो स्टुलावर मटकन बसला. दोन वर्षं डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली आणि शेवटी असा बोऱ्या वाजला.

प्रकरण होतं डब्याचं. डबा म्हणजे या बहीणभावाच्या लहानपणीचा कॉम्प्युटर. रबरी बटणांचा, घरच्या टीव्हीला जोडायचा. त्यात खेळ भरायचे ते टेपरेकॉर्डरवरून, वायर लावून. एक खेळ चढायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात जेवण उरकायचं. आता एक कंपनी तोच डबा नव्याने काढणार होती. दिसायला जुना, आतून नवा, आणि जुने खेळ चालवणारा. ही कुणकुण लागल्यापासून दोघांना दुसरं काही सुचेना.

डब्याच्या वेड्यांचा एक ग्रुप होता. त्यात ‘आतल्या गोटातला’ या नावाने लिहिणारा कुणी इसम दर आठवड्याला नवी पुडी सोडायचा. टेप जोडायला भोक आहे. भोक नाही. फोटो आलाय, त्यात भोक दिसतंय. फोटो खोटा निघाला. कारखान्यातल्या एकाच्या मेहुण्याने भोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय! दातवाला प्रत्येक पुडी इमानेइतबारे ताईला पाठवायचा. ताई लिहायची, ‘छोटू, पन्नाशी कधीच उलटली तुझी, तरी कुणीही शेंडी लावतं तुला.’ पण वाचायची मात्र सगळं. आणि एखादा दिवस पुडी आली नाही, तर स्वतःच विचारायची, ‘मेहुणा काय म्हणतोय?’

आणि आज कंपनीनेच जाहीर केलं होतं, भोक नाही. मग त्या नव्या डब्याचं दातवाल्याला काय लोणचं घालायचं होतं? बाजारातले खेळ त्याला नकोच होते. त्याला हवा होता ‘ढगातला पोस्टमन’. तो खेळ ताईने केला होता, सोळाव्या वर्षी, एकेक ओळ स्वतः टाइप करून. छोटूचं काम फक्त खेळायचं आणि हरलं की भोकाड पसरायचं. पुढे डबा भंगारात गेला. ताईचं लग्न झालं, खूप उशिरा लेक झाली. लेक पाळण्यात असतानाच ताईच्या घशात गाठ निघाली. जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनआधी तो कुठे रेकॉर्ड करून ठेवावा हे त्या धावपळीत कुणाला सुचलंही नाही. लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यावर फोटोवाल्याने आरंभापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. तेव्हापासून ताई फोनवर लिहून बोलायची. मोठी धीराची बाई, असं लोक म्हणायचे. दातवाल्याला मात्र टेबलावर पाय टाकून, खिदळत खेळ रचणारी ताई एकदा पुन्हा बघायची होती. तिच्यापुढे तिचाच खेळ लावायचा, बस्स. म्हणून ती टेप त्याने जिवापाड जपली होती.

त्याचं रडगाणं वाचून ग्रुपातल्या एकाला दया आली. ‘अहो, भोक कशाला हवं? टेप साध्या रेकॉर्डरवर वाजवा, फोनमध्ये भरून घ्या. त्याची फाइल करून देतो, डबा ती घेईल.’ दातवाल्याने कपाळावर हात मारला. टेपवर खेळ आवाजातच भरलेला असायचा, पण कॉम्प्युटरशिवाय ती टेप म्हणजे नुसती कर्कश किंचाळी. ती अशीच वाजवून बघावी, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. शेजारच्या सलूनवाल्याचा जुना रेकॉर्डर उसना घेऊन तो संध्याकाळी ताईकडे हजर झाला.

भाची फोन सरसावून बसली. तिचं तोंड सुरू होतंच. “मामा, हे खोकं चालणार आहे का नक्की? केस अडकलेत बघ यात! आई, तू खरंच सोळाव्या वर्षी खेळ केलास? मला सोळाव्या वर्षी धड चहा येत नव्हता. दाबू का बटण? हेच ना?”

“अगं, दम घे जरा,” दातवाला म्हणाला. ताई गालातल्या गालात हसत होती.

भाचीने बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग किंचाळी यायच्या ऐवजी एक मुलगी बोलली.

“खेळ चौथा. ढगातला पोस्टमन. छोटू, गप्प बस, रेकॉर्ड होतंय!”

“मी कुठे बोललो?” हा किनरा आवाज दातवाल्याचा स्वतःचा, लहानपणीचा.

आणि मग ती किंचाळी सुरू झाली. एका टेपवर पाच-सहा खेळ असायचे. कुठला कुठे सुरू होतो ते सापडावं म्हणून ताई प्रत्येकाच्या आधी त्याचं नाव बोलून ठेवायची. दातवाला खेळ विसरला नव्हता, पण हे साफ विसरला होता. त्याचे डोळे भरून आले. त्याने ताईकडे पाहिलं. ताई लेकीकडे पाहत होती.

भाची चक्रावली होती. “मामा, हे मी कधी बोलले?”

“तू नाहीस गं. ही तुझी आई.”

“अरे, पण हा माझा आवाज आहे!”

खरंच होता. तोच सूर, शेवटचा शब्द उचलायची तीच तऱ्हा. दातवाला ती बडबड वर्षानुवर्षं ऐकत आला होता आणि त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. किंचाळी वाजत राहिली. पोस्टमनला फोनमध्ये भरायचं कुणाला भान राहिलं नाही.

ताईने लेकीच्या हातातून फोन घेतला. सावकाश काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं.

‘म्हणून तर तुला कधी गप्प बस म्हटलं नाही.’