एकोणतिसाचा पाढा

धाडकन दार लागलं आणि फिटरमामांच्या हातातला पाना खाली पडला. पाठोपाठ बाहेरून चाक आवळल्याचा आवाज आला. मग पंप घुमू लागले.

"अहो, आम्ही आत आहोत!" मामा ओरडले.

ती खोली म्हणजे पोलादाची भली मोठी टाकी होती. तिच्यातली हवा शोषून घ्यायची आणि अवकाशात घालायचा पोशाख त्या पोकळीत टिकतो का ते बघायचं, हा सरांचा प्रकल्प. उद्या पहिल्यांदाच त्या पोशाखात जिवंत माणूस उभा राहणार होता. आज आत तिघं होती. एक बाहुला, दाराचं रबर तपासायला आलेले मामा आणि ती, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच हाताखालची इंजिनिअर. पोशाख घातला होता तो बाहुल्यानं.

तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पंप घुमतच राहिले. तेव्हा तिला आठवलं.

आत जाणाऱ्यानं बाहेरच्या फळीवरची आपली किल्ली काढून खिशात घालायची, असा तिथला नियम होता. किल्ली निघाली की फळीवर लाल दिवा लागायचा आणि पंप सुरूच व्हायचे नाहीत. सगळ्या किल्ल्या जागेवर असल्या की यंत्राच्या लेखी टाकी रिकामी. मग आतलं बटणही मुकं. आणि गेले काही दिवस किल्ली कुणीच काढत नव्हतं. लाल दिवा दिसला की सर थरथर कापायचे, म्हणून तिनंच सगळ्यांना तसं सांगितलं होतं.

त्या पोशाखानं सरांना झपाटलं होतं. घर त्यांनी सोडल्यातच जमा होतं. टेबलाखाली पथारी टाकायचे, तिथंच बडबडत पडायचे. पुढे पुढे रिकाम्या टाकीतून त्यांना हाका ऐकू यायला लागल्या. आत कुणीतरी गुदमरतंय, म्हणत ते धावत सुटायचे. एकदा त्यांनी हवेची झडप अशी काही उघडली, की टाकीच्या खिडकीची काच फुटून एका सहकाऱ्याचा डोळा जाता जाता वाचला. वरिष्ठांना सांगावं, तर प्रकल्पाला टाळं लागणार. सरांच्या बायकोनं, काकूंनी, तिचे दोन्ही हात धरले होते. "हे काम काढून घेतलंत तर ते जगायचे नाहीत गं."

मग तिनंच मनावर घेतलं. सरांना शेजारी बसवून, लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. आणि खरंच गुण आला. सर जेवायला लागले, हसायला लागले. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. आज तर तिला वाटलं होतं, सर घरी जेवायला गेलेत. रबर बघायला असा कितीसा वेळ लागतो?

आता कानांना दडे बसले होते. मामा पान्यानं दार बडवत होते. एरवी आजारपणातही विनोद करणारा माणूस. त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"बिथरलंय म्हातारं," ते धापा टाकत म्हणाले. "जिवंत सोडत नाही आता आपल्याला."

नव्या काचेतून तिला सरांची पाठ दिसली. ताठ. दोन्ही हात टेबलावर. तिनं भिंतीवरच्या माइकला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "सर, मी आहे! पंप बंद करा! श्वास कोंडतोय आमचा, सर!"

पाठ हलली नाही. डोक्यावरचा स्पीकर मात्र खरखरला आणि सरांचा आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत, वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखा.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

"झालं," मामा मटकन खाली बसले. "पार डोकं गेलं."

तिला मात्र कळून चुकलं. सरांचं डोकं आज कधी नव्हे इतकं ताळ्यावर होतं. शब्द तिचेच होते, याच टेबलापाशी बसून रोज घोकून घेतलेले. 'आधी फळीकडे बघायचं, सर. किल्ल्या जागेवर आहेत? दिवा नाही? मग आत कुणीही नाही. आवाज आला तर येऊ दे. खिडकीकडे पाठ करायची आणि मोठ्यानं एकोणतिसाचा पाढा म्हणायचा. पाढा संपला की मोठी कळ ओढायची.'

मोठी कळ ओढली की उरलीसुरली हवाही जायची.

ती काचेवर मुठी आपटत राहिली. आपण काय ओरडतोय हे तिचं तिलाच ऐकू येईनासं झालं. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. मामा गुडघ्यात डोकं घालून कुणाचं तरी नाव घेत होते.

"एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद."

सरांचा हात कळीवर गेला आणि थांबला. सरांनी मान वळवली, पण टाकीकडे नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं.

"पोरी, कुठे गेलीस? ये, बघ तरी. आज आतून थेट तुझ्या आवाजात हाका मारतायत, तरी मी अजिबात फसलो नाही."