वरचा मजला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली दुमजली बस मोटारमालक आप्पासाहेबांनी मुंबईच्या भंगारातून कोरेगावला आणली. पलटणीत गाड्या दुरुस्त केलेल्या गुंडा मिस्त्रीनं वर्षभर खपून ती चालती केली, वरच्या मजल्याला सागवानी खिडक्या बसवल्या. साताऱ्याच्या पहिल्या फेरीला त्याची बायको राहीबाई तिकीट काढून वर जाऊन बसली. खालून एक म्हातारा ओरडला, "तुम्ही बौद्ध झाला म्हणून आमच्या डोक्यावर बसायचं व्हय?" तो उतरला, मागोमाग सगळेच उतरले. आप्पासाहेब म्हणाले, "गुंडा, तिला खाली बोलव." "आवं, तिकीट काढलंय तिनं," गुंडा म्हणाला. रिकामी बस साताऱ्याला गेली. वर एकटी राहीबाई. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी वरचा मजला कापायला सांगितला. गुंडानं हात लावला नाही. सांगलीच्या कारागिरांनी तो कापला. एकमजली बस निघाली तेव्हा राहीबाई पुढच्याच बाकावर बसली. साताऱ्यापर्यंत माणसं उभी राहिली, तिच्याशेजारी कुणी बसलं नाही.