चालूच राहू दे

लॅपटॉपला वायरीने जोडलेल्या, त्याच्याच विजेवर चालणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डला मनालीने 'बंद' असं टाइप करून पाठवलं. त्यावरचा हिरवा दिवा विझला.

"एकदम अंधार कसा गं झाला?" गॅलरीतून पप्पांनी विचारलं. ते भर उन्हात पेपर वाचत बसले होते.

तिने 'चालू' टाइप केलं.

"हां, आता दिसतंय."

योगायोग असेल. तिने पुन्हा 'बंद' पाठवलं.

"मनाली? बेटा, कुठे आहेस तू?" पप्पांच्या हातातला पेपर गळून पडला.

तिने घाईघाईने 'चालू' टाइप केलं आणि दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. आता या दिव्याला हात लावायचा नाही.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला.

"लाइट गेली वाटतं. येईल तासाभरात," एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले पप्पा शांतपणे म्हणाले.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा लाल झाला होता. चार टक्के.