दसऱ्याचे फोन

"मागच्या गेटवर रोज काय काम असतं तुमचं, संध्या?" मुकुंदसाहेबांनी विचारलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला.

पडद्यावर ऑफिसचा नकाशा होता. चारही मजले, जिने, कँटीन, गेट, आणि त्यावर नावं लिहिलेले हिरवे ठिपके. एक ठिपका कँटीनकडे सरकला. भिंतीवर जागोजागी लावलेल्या पांढऱ्या डब्या नुसत्या फोनसाठी आहेत, असं सगळ्यांना वाटत होतं. कोणाच्या खिशातला फोन कोणत्या डबीजवळ आहे, ते त्या वर कळवत होत्या. बाजूला उभ्या असलेल्या गजेंद्रनंही, सगळं ऑफिस ज्याला भाऊ म्हणायचं त्यानं, हे पहिल्यांदाच बघितलं. पण ते त्याच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं होतं!

संध्या काय बोलणार? तिचं तान्हं लेकरू घेऊन सासू दुपारी मागच्या गेटवर यायची, आणि चौकीदार फकिराच्या खोलीत बसून संध्या त्याला अंगावर पाजायची. ठेक्यावरची बाई ती, दिवाळीनंतर ठेका नवा व्हायचा होता. म्हणून अख्ख्या ऑफिसनं आळीमिळी गुपचिळी धरलेली. तिच्या टेबलावरचा फोन वाजला की शेजारची कोणीतरी उचलून सांगायची, आत्ता इथंच होती. आणि फकिराकडून ती खोली मागून घेतली कोणी? गजेंद्रनंच.

पण आता टेबलावरचे फोन गेले होते. तांदळाच्या कंपनीचं हे बालाघाटचं ऑफिस, दोन-अडीचशे माणसांचं, आणि प्रत्येकाला खिशात ठेवायचा बिनतारी फोन द्यायचं ठरलेलं. नागपूरचा इंजिनिअर म्हणाला, नंबर मशीनमध्ये भरून झालेत, एकेक फोन जुळवत बसायचं काम नाही, ज्याचा त्याच्या हातात दिला की चालू. पण घेतो कोण? आमच्या गळ्यात घंटी बांधता काय, म्हणून लोक हसले आणि खोकी तशीच पडून राहिली.

मग एका रविवारी मुकुंद गजेंद्रच्या घरी आला. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले, कटंगीहून गजेंद्रच्या आईचा डबा आला की दोघांचे हात त्यात. चारचौघांत साहेब, घरात मुकुंदा. माझ्या हातून कोणी घेणार नाही, म्हणाला, तुझ्या हातून घेतील. गजेंद्रनं सरळ विचारलं, यात दुसरं काही नाही ना?

"फोन म्हंजे फोन," मुकुंद म्हणाला. "तुह्या मायच्या हातचं खाल्लं मी. तुले फसवीन काय?"

आणि तोड काढली ती गजेंद्रनंच. दसऱ्याला ऑफिसात मशीनींची पूजा होते आणि मग सगळे एकमेकांना आपट्याची पानं देतात. त्यानं सगळे फोन पूजेत मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि आरती झाल्यावर एकेकाच्या हातावर पान आणि पानावर फोन ठेवत गेला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आता तुम्हीच सांगा, दसऱ्याच्या सोन्याला नाही म्हणायची रीत आहे का कुठं? दुपारच्या जेवणाआधी खोकी रिकामी. इंजिनिअर म्हणाला, दुसरीकडं महिना जातो हो या कामाला. गजेंद्रला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं.

"भाऊ," संध्या म्हणाली. पडद्याकडं नाही, साहेबांकडंही नाही, ती त्याच्याकडं बघत होती. "तुमाले मालूम होतं?"

गजेंद्रनं तोंड उघडलं, पण मुकुंदसाहेब त्याच्याआधी बोलले. "गजेंद्रभाऊंना माहीत नसेल का? त्यांनीच तर वाटले सगळ्यांना."

"नाही बाई," गजेंद्र म्हणाला. "मले खरंच मालूम नव्हतं."

ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं. संध्यानं मान हलवली.

"सोनं घेताना मी तं तुमच्या पाया पडली होती, भाऊ," ती म्हणाली.

ठेक्याचं दिवाळीनंतर बघू, असं साहेबांनी तिला सांगितलं. ती गेली. दार लागल्यावर गजेंद्र त्यांच्याकडं बघत उभा राहिला. वरून हुकूम आहे, मुकुंद पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, माझ्या हातात काही नाही, आणि तू एवढं मनावर नको घेऊ. केसानं गळा कापला की रक्तही दिसत नाही म्हणतात. गजेंद्रला खूप बोलायचं होतं, आईच्या डब्यावरूनच सुरुवात करायची होती, पण तो नुसताच बाहेर पडला.

जिना उतरता उतरता खालचा हॉल दिसायला लागला. संध्याच्या टेबलाभोवती बायका जमलेल्या होत्या. ती काहीतरी सांगत होती आणि कोणी मधे बोलत नव्हतं. एकीनं वर बघितलं, मग दुसरीनं. रोज त्याला बघून 'भाऊ, चहा' म्हणणारी माणसं ती. आज त्यांनी माना फिरवल्या. गजेंद्र होता त्या पायरीवर थांबला. खाली जायला पाय उठेना आणि वर तर जायचंच नव्हतं.

खिशातला फोन वाजला. सवयीनं त्यानं तो कानाला लावला.

"गजा," मुकुंदचा आवाज घरातल्यासारखा मऊ होता. "जिन्यात काहून उभा राह्यला रे? वापस ये, चाय मांगवली."