तुटक्या कोपऱ्याची कुऱ्हाड

पडद्यावरच्या कुऱ्हाडीचा एक कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा तुटलेला होता. शकुनने तो ओळखला. मागे अमरावतीत पाहिलेल्या चित्रपटात याच कुऱ्हाडीने एकाने बायकोची खांडोळी केली होती आणि पाहणारी शेजारीण गप्प राहिल्यामुळे तो सुटला होता. अकोल्याच्या टॉकीजमधल्या या चित्रपटात त्याचं नाव नवं, गाव नवं, बायकोही नवी होती. माणूस मात्र तोच. हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने याही बायकोच्या डोक्यात घाव घातला, चुलीवर रक्त उडालं. टॉकीजबाहेर शकुनचा मेहुणा जानराव हसला, "काऊन भेली वं? सिनेमाच व्हता." शकुनच्या बहिणीला, त्याच्या बायकोला, बैलाने भोसकून मारल्याचं त्यानेच सांगितलं होतं, आता शकुनशी त्याचं लग्न ठरलं होतं. शकुनने दमणीला बैल जुंपणाऱ्या वडिलांचा हात धरला. "बाबा, ताईले बैलानं नाई, यानं मारलं. म्या पाह्यलं. दमणी ठाण्यावर घ्या."