खोलीचे काप

“आज सोक्षमोक्ष लावूनच टाकतो,” असं म्हणत त्याने लॅपटॉप थेट पलंगावर मांडला. रविवारची सकाळ होती. मान आखडल्यामुळे बायकोकडे बघायचं तर त्याला अख्खं धड फिरवावं लागत होतं, पण आवेश काही कमी नव्हता.

भांडण जुनंच होतं. बायकोचं म्हणणं, एसीचा वारा तिच्याच अंगावर येतो, थंडीने झोप लागत नाही, तेव्हा जागा बदलू या. त्याचं म्हणणं, हे सगळे मनाचे खेळ. ऑफिसात तो दिवसभर कॉम्प्युटरवर वाराच खेळवायचा. कधी कारखान्यातला, कधी बोगद्यातला. त्याला घरात कुणी वारा शिकवावा म्हणजे अतीच झालं!

म्हणून त्याने झोपायच्या खोलीचंच सिम्युलेशन केलं होतं. भिंती, कपाट, पलंग, दोन उशा, सगळं मापात. आता पडद्यावरच्या त्या खोलीचा पावासारखा पाहिजे तिथे काप घ्यायचा. कापावर लाल दिसेल तिथे वारा जोरात, निळं दिसेल तिथे हवा गप्प. त्याने पहिला काप सवयीने खोलीच्या बरोबर मधून घेतला. चित्र सुरेख आलं, सगळं निळंशार.

“दिसतोय कुठे वारा?”

“पण मध्ये कोण झोपतं?” बायको म्हणाली. “तिथे तर दोन उशांमधली फट आहे.”

तो ओशाळला. काप सरकवत सरकवत त्याने अगदी तिच्या उशीवर आणून ठेवला. तिथेही निळंच. साधी झुळूकसुद्धा नाही. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“घे! तुझ्या बाजूला वारा फिरकतसुद्धा नाही. इतके दिवस उगाच माझं डोकं खाल्लंस.”

ती रागावेल, निदान कॉम्प्युटरला नावं ठेवेल, अशी त्याची तयारी होती. ती हसली.

“माझं झालं. आता तुमच्या उशीवर आणा.”

त्याने आणला. कोपऱ्यातल्या एसीतून लालभडक पट्टा निघाला होता, समोरच्या कपाटावर आपटून खाली वळला होता आणि नेमका मान टेकते तिथे येऊन पडत होता. त्याचा हात आपसूक मानेवर गेला. या मानेपायी त्याने दोनदा उशी बदलली होती आणि उशा बनवणाऱ्यांचा उद्धारही केला होता.

“तुला हे ठाऊक होतं?”

“तुमचं पांघरूण सारखं करताना रोज हाताला लागतो वारा.”

“मग तुला थंडी वाजते असं का सांगत राहिलीस?”

“तुमची मान आखडते, इकडे या, असंच मी आधी म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, मला काही होत नाही,” लॅपटॉप मिटत ती म्हणाली. “म्हटलं, निदान माझ्यासाठी तरी जागा सोडाल.”